सुईण नेमके काय करते?

बाळंतपण हा आजार नाही. गाय, शेळी, मांजर यांना त्या वेळी सहसा कोणाची मदत लागत नाही. मग माणसालाच सुईण का लागावी? वर्गात हा प्रश्न आला तर आपण काय सांगाल?

पहिले कारण शरीररचनेत आहे. आईच्या कटिबंधाच्या मानाने मानवी बाळाचे डोके मोठे असते. अरुंद वाटेतून ते वळत वळत खाली येते आणि बाहेर पडताना बहुधा त्याचा चेहरा आईच्या पाठीकडे असतो. त्यामुळे बाळाला स्वतः धरणे किंवा मानेभोवतीची नाळ सोडवणे आईला अवघड जाते. तेथे दुसरे हात हवेत.

दुसरे कारण संप्रेरकांचे. कळा येण्यात ऑक्सिटोसिनचा मोठा वाटा असतो. आई घाबरली की अॅड्रिनलीन वाढते आणि कळा मंदावू शकतात. म्हणजे धीर देणे हाही उपचारच झाला! याला पुरावा आहे. प्रसूतीत सतत कोणीतरी सोबत असण्याविषयीच्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ सरासरीने थोडा कमी झाला आणि सिझेरियनचे प्रमाणही घटले, असे त्यात दिसले.

बाळ रडले म्हणजे काम संपले, असे आपण समजतो. खरा धोका पुढेच असतो. वार सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाचे स्नायुतंतू एकमेकांत विणल्यासारखे असतात. ते आकसले की या वाहिन्या चिमटल्या जातात व रक्त थांबते. ते सैल राहिले तर काही तासांतच आईचा जीव जाऊ शकतो. म्हणून प्रशिक्षित सुईण ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देते आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागते का, हे पुन्हा पुन्हा पाहते. पहिल्या तासात ती बाळाला अंगावर पाजायला लावते. बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय आणखी आकसते. बाळाला चीक मिळतो, आईचे रक्त वाचते. चीक पिळून टाकण्याच्या रूढीने दोघांचेही नुकसान होते.

पुढचे सहा आठवडेही महत्त्वाचे. पहिले २४ तास, मग ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनातील गाठी, बाळाचे अंग गार पडणे, आईची सततची उदासी या गोष्टी अशा भेटींत वेळीच लक्षात येतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवू. परंपरागत दाईकडे अनुभव असतो. प्रशिक्षित सुईणीकडे त्याच्या जोडीला निर्जंतुक साधने, औषधे आणि धोका ओळखण्याचे शास्त्र असते. ती डॉक्टरची जागा घेत नाही. डॉक्टर केव्हा हवा, हे वेळेवर ओळखणे हेच तिचे मोठे कौशल्य. आपल्या देशात २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परिचारिकांना यासाठी १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण देण्याचे ठरले.

जवळच्या उपकेंद्रातील नर्सबाईंना एकदा वर्गात बोलवा. प्रसूतीनंतरच्या पहिल्या तासात त्या काय काय पाहतात, हे मुलामुलींना त्यांच्याकडूनच ऐकू द्या. यातील बरीच मुले उद्या आईबाप होणार आहेत.