रोबोची तपासणी वर्कशॉपमध्येच व्हावी

स्पर्धेच्या मैदानात उतरण्याआधी रोबो वजनकाट्यावर चढतो. मग त्याची मापे, बॅटरी, हवेचा दाब, लेसर आणि लाल बटण नियमपुस्तिकेशी ताडून पाहिले जाते. त्यात काही चुकले, तर दुरुस्ती होईपर्यंत रोबोला खेळता येत नाही. महिनोन्‌महिने जागून केलेले काम दारातच अडते, म्हणून विद्यार्थ्यांना हे नियम जाचक वाटतात. पण यातले अनेक नियम यंत्रासाठी नसून माणसाच्या शरीरासाठी आहेत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २०१४ मध्ये ती पुण्यात झाली, तर २०२२ मध्ये नवी दिल्लीत रोबो चक्क लगोरी खेळले. अशा स्पर्धांसाठी रोबो बनवण्याची हौस आता नांदेड, लातूरच्या तरुणांनाही आहे.

नियम विजेपासून सुरू होतात. रोबोच्या बॅटरीला साधारण २४ व्होल्टची मर्यादा असते. कोरड्या कातडीला एवढ्या दाबाचा जोरदार झटका सहसा बसत नाही; खरा धोका शॉर्ट सर्किटचा. बॅटरीच्या दोन टोकांना अंगठी, कडे किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा टेकला, तर तो क्षणात तापून कातडी खोलवर भाजते. फुगलेली लिथियम बॅटरी तर पेटूही शकते. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळिशी ओलांडतो. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये, कोणी जवळ नसताना बॅटरी चार्जिंगला लावून ठेवणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

हवेच्या दाबाची मर्यादा ६०० किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहापट. ही हवा साठवायला अनेकदा शीतपेयाची प्लास्टिकची बाटली वापरतात. चरे पडलेली जुनी बाटली फुटली, तर तुकडे थेट डोळ्यांवर येतात. हवेचा झोत अंगावर मारून धूळ झटकण्याची सवयही घातक आहे. जखमेतून हवा कातडीखाली शिरते; कानाजवळ झोत गेला तर पडदा फाटू शकतो.

लेसर ‘वर्ग २’ पर्यंतचाच चालतो. त्याची शक्ती एक मिलिवॅटपर्यंत असते. एवढ्या प्रकाशात डोळा पाव सेकंदात आपोआप मिटतो आणि पडदा वाचतो. त्याहून जास्त शक्तीच्या लेसरपुढे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, आणि जळालेला दृष्टिपटल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. लाल बटणाचे कारण सोपे आहे. साखळीत बोट अडकल्यावर प्रोग्राम थांबवायला लॅपटॉप शोधायला वेळ नसतो.

अडचण अशी, की स्पर्धेतली तपासणी काही मिनिटांची असते आणि विद्यार्थी रोबोजवळ महिनोन्‌महिने वावरतात, बहुधा रात्री, थकलेले असताना. तोवर लाल बटण बसवलेले नसते, दाबमापक ‘नंतर लावू’ म्हणून राहिलेला असतो. म्हणून नियमपुस्तिका पहिल्या आराखड्यापासून समोर हवी. लाल बटण सर्वांत आधी बसवावे. ज्याने रोबो बनवला नाही अशा सहकाऱ्याने आठवड्यातून एकदा यादी घेऊन तो तपासावा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. चष्मा आणि बंद बूट हवेत, कडे निघत नसेल तर त्यावर रबरी हातमोजा चढवावा.

तरीही अपघात झालाच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद लावू नये. हवेचा झोत कातडीत घुसला असेल, तर छिद्र टाचणीएवढे दिसले तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. डोळ्याला इजा झाली तर तो चोळू नये. लेसर डोळ्यात गेल्यावर धुरकट दिसू लागले किंवा डाग दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

स्पर्धा हरली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. डोळा आणि बोट मात्र पुन्हा मिळत नाही.