जादा सामन्याची जोखीम

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. मोठ्या कॉन्फरन्समध्ये पूर्वी साखळीच्या गुणतक्त्यावरूनच विजेता ठरे. मात्र १२ संघांच्या कॉन्फरन्सला दोन विभाग पाडून एक जादा अंतिम सामना घेण्याची मुभा नियमांत होती. आर्कान्सा व साउथ कॅरोलायना यांना सामावून घेत साउथईस्टर्न कॉन्फरन्सने ही संख्या गाठली आणि आयुक्त रॉय क्रेमर यांनी त्या मुभेचा उपयोग केला.

५ डिसेंबर १९९२ रोजी बर्मिंगहॅममध्ये अलाबामा आणि फ्लोरिडा भिडले. अलाबामा अपराजित होता. जुन्या पद्धतीने तो आधीच विजेता ठरला असता. आता मात्र एक पराभव आणि राष्ट्रीय विजेतेपदाची आशाही संपली असती. २१-२१ अशी बरोबरी असताना अँटोनियो लँगहॅमने फ्लोरिडाचा पास मध्येच झेलून गोलरेषेपार नेला. अलाबामा २८-२१ने जिंकला, पुढे राष्ट्रीय विजेताही झाला.

धोका टळला, प्रथा रुजली. २०२३मध्ये तोच धोका खरा ठरला. अपराजित जॉर्जिया याच अंतिम सामन्यात अलाबामाकडून २७-२४ने हरला आणि चार संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमधून बाहेर पडला. जादा सामन्याची रंगत सर्वांच्या वाट्याला येते. त्याची जोखीम मात्र हंगामभर अव्वल राहिलेल्यालाच सर्वाधिक असते.