आळंदच्या वाटेवर नेट का जातं?

सोलापूर-अक्कलकोटकडून आळंदला येताना पाट्या कन्नड व्हायच्या आधीच मोबाईल सांगून टाकतो की राज्य बदललं. वागदरी मागे पडली की रेंजच्या दांड्यांशेजारी इंग्रजी 'आर' उमटतो, चालू असलेलं गाणं अडकतं आणि व्हॉट्सॲपवर घड्याळाची खूण तशीच राहते. उमरग्याकडून खजुरीमार्गे आलात तरी तेच. मग एसटीत कुणीतरी म्हणतंच, "इकडं नेटच नाही बघा." खरं तर बहुतेक वेळा नेट असतं. मोबाईल आणि टॉवर यांची ओळख व्हायची राहिलेली असते, एवढंच.

ही ओळख कशी होते ते आधी बघू. मोबाईल सेवेसाठी भारताचे २२ भाग पाडले आहेत, त्यांना आपण सर्कल म्हणतो. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, मुंबई मात्र वेगळी. म्हणजे कोल्हापूरहून पणजीला गेलात तर राज्य बदलतं, पण सर्कल बदलत नाही. अक्कलकोटहून आळंदला आलात तर दोन्ही बदलतं. आळंद कलबुर्गी जिल्ह्यात आहे. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानातून आलेला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि सर्कलची रेघ पुढे त्याच सीमेवरून ओढली गेली. गंमत म्हणजे रेल्वेनं ही सीमा फारशी मनावर घेतलेली नाही. कलबुर्गी स्टेशन आजही मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे. मोबाईल मात्र दुधनी सोडलं की परका होतो.

सिमकार्डात आपल्या नेटवर्कचा एक क्रमांक लिहिलेला असतो, आणि प्रत्येक टॉवर स्वतःचा क्रमांक सतत सांगत असतो. दोन्ही जुळले की मोबाईल 'घरी' असतो. कंपनी एकच असली तरी महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा क्रमांक वेगळा असू शकतो. एकाच सर्कलमध्ये एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कॉल न तुटता पुढे सरकवला जातो. सर्कलच्या सीमेवर ही सोय बऱ्याचदा नसते. मोबाईल जुन्या टॉवरला शेवटच्या दांडीपर्यंत धरून ठेवतो, तो सुटला की नव्यानं शोधाशोध करतो आणि पाहुणा म्हणून पुन्हा नोंदणी करतो. तेवढा वेळ तुम्ही बिननेटचे.

सीमेलगतच्या गावांत याहून वैतागाचा प्रकार होतो. पाहुणा झालेला मोबाईल ठरावीक वेळानं घरचं नेटवर्क शोधत राहतो, आणि किती वेळानं शोधायचं हे सिममध्येच नोंदलेलं असतं. आळंद तालुक्याच्या काठावरच्या गावात महाराष्ट्राचं सिम घेऊन बसलात, तर जवळच्या कर्नाटकी टॉवरवर सगळं छान चालू असताना तो अधूनमधून पलीकडच्या टॉवरची चाहूल घेतो, क्षीण का होईना ती लागली की तिकडे उडी मारतो आणि नेट घालवून बसतो. माहेरवाशिणीसारखंच आहे हे, जीव तिकडेच! शोधाशोधीत बॅटरीही भरभर उतरते, कारण टॉवर लांब असला की मोबाईलला मोठ्या ताकदीनं बोलावं लागतं. यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून तिथलं नेटवर्क हातानं निवडायचं. परत येताना मात्र आपोआप निवड पुन्हा चालू करावी लागते, नाहीतर सोलापुरात पोहोचल्यावरही मोबाईल कर्नाटकाचाच टॉवर शोधत बसेल.

रस्त्यात नुसतं अडकलं असेल तर विमान मोड दहा सेकंद लावून काढला तरी पुरतं. त्यानं नोंदणी नव्यानं होते.

दुसरं कारण अगदी साधं आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त माणसं त्यातच अडकतात. सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' नावाचं एक बटण असतं. परदेशात मोठं बिल येऊ नये म्हणून बऱ्याच जणांनी ते बंद ठेवलेलं असतं. काही मोबाईल सर्कल बदललं तरी त्याला रोमिंगच समजतात आणि मुकाट्यानं नेट बंद करतात. कॉल लागतो, मेसेज येतो, नेट तेवढं नाही, असं झालं की आधी हे बटण बघा. देशातल्या देशात बहुतेक पॅकवर त्याचे जादा पैसे पडत नाहीत.

पूर्वी पडायचे. म्हणून तर आळंद, बसवकल्याण, उमरगा या पट्ट्यात दोन सिमांची सवय लागली. सून उमरग्याची, जावई अक्कलकोटचा, बाजार कलबुर्गीचा, अशी घरं इथे कितीतरी. रोमिंगमध्ये आलेल्या कॉलचेही पैसे कापले जायचे, त्यामुळे सीमा ओलांडली की सिम बदल, किंवा मिस्ड कॉल दे. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलूनही तोच नंबर ठेवता येऊ लागला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते रोमिंगचे वेगळे पैसे न घेता, आणि मग इतर कंपन्यांनाही तेच करावं लागलं. शहरातल्या मुलांना वाटतं की तेव्हा फक्त नेट स्वस्त झालं. सीमाभागात त्याहून मोठी गोष्ट घडली, मामाच्या गावाला लागलेला फोन परगावचा राहिला नाही.

आता बस आणि रेल्वे. आळंदला रेल्वे नाही, लोक कलबुर्गीला किंवा गाणगापूर रोडला उतरतात. समजा गाडी ताशी ९० किलोमीटरनं चालली आहे आणि टॉवर तीन-तीन किलोमीटरवर आहेत. म्हणजे दर दोन मिनिटांनी टॉवर बदलणार, आणि तोही डब्यातल्या सगळ्यांचा एकदमच. त्यात डबा पत्र्याचा, एसी डब्याच्या काचा बंद. खिडकीजवळ बसल्यानं खरंच फरक पडतो. बसच्या रस्त्याची अडचण वेगळी आहे. टॉवर गावांजवळ दाट असतात आणि मधल्या तुरीच्या शेतांमधून विरळ. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात, जास्तीच्या लवकर संपतात. फाइव्ह-जीचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो, म्हणून तो शहरात पळतो आणि रानात गायब होतो. प्रवासात मोबाईल फोर-जीवर ठेवला तर ही उड्या मारण्याची खटपट कमी होते.

हे सगळं गाण्यापुरतं असतं तर लिहायची गरज नव्हती. आमच्याकडची मुलं सोलापूर-पुण्याला शिकतात. ॲडमिशन, स्कॉलरशिप, परीक्षेचा फॉर्म, सगळं मोबाईलवर, आणि शेवटची तारीख नेमकी प्रवासाच्या दिवशी येते. फॉर्मला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. पान उघडायला नेट आणि ओटीपीसाठी मेसेज. ओटीपी नेटवरून येत नाही, तो ज्या सिमच्या नंबरवर नोंद आहे त्याच सिमवर येतो. म्हणून दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर फॉर्म भरताना आपलं सिम बंद ठेवलं तर काम तिथेच थांबतं. रोजचा डेटा संपला असेल तर पुष्कळ पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी, म्हणजे एक एमबीची मार्कशीट चढवायला दोन मिनिटांहून जास्त. तेवढ्यात पान 'टाइम आउट' होतं. फोटो आणि मार्कशीट आधीच लहान करून मोबाईलमध्ये ठेवलेली बरी.

पैशाचंही तसंच. यूपीआय अर्ध्यात अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी खातं बघा. पैसे कापले पण समोरच्याला पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते परत करायची मुदत बँकेला बांधून दिली आहे. माणसाला पाठवले असतील तर पुढचा एक दिवस, दुकानदाराला दिले असतील तर पाच. अजिबात नेट नसेल तर *९९# डायल करून, बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून, साध्या सिग्नलवर पैसे पाठवता येतात. यात मराठीही आहे. तरी कंडक्टरसाठी सुटे पैसे खिशात असावेत हे मी ठामपणे सांगेन.

मुलींसाठी एक खास गोष्ट. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. ते डिजिलॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कंडक्टर समोर उभा असताना नेट गेलं तर ॲप फिरत राहतं. मूळ कार्ड पर्समध्ये असू द्या. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाला ही अडचण नाही, बुकिंगचा मेसेज आणि ओळखपत्र एवढं चालतं.

नकाशाही घरच्या वायफायवर उतरवून घेता येतो. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला नेट लागत नाही, म्हणून उतरवलेल्या नकाशावर आपला निळा ठिपका रेंज नसतानाही बरोबर सरकतो. आणि रात्री बस बंद पडली, आपल्या कंपनीची एकही दांडी नाही, अशा वेळी ११२ लावून बघा. हा नंबर आसपास ज्या कुठल्या कंपनीचा टॉवर असेल त्यावरून लागतो.