भाराखाली क्षीण होणारे इंजिन : तक्रारीची भाषा आणि निदान

'गाडी ओढत नाही' हे विधान वाहने दुरुस्त करणाऱ्या कारागिरास वारंवार ऐकावे लागते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. निदानाच्या दृष्टीने मात्र अपुरे होय. वाक्याचा कर्ता 'गाडी' आहे, आणि गाडी म्हणजे अनेक अवयवांची साखळी. तिचा कोणता दुवा निकामी झाला, हे या विधानावरून उमगत नाही. आडवाटेवर व चढणीवर चालणारे, एका सिलिंडरचे, कार्बोरेटर असलेले आणि पट्ट्याच्या योगे चाके फिरविणारे लहान चारचाकी वाहन उदाहरणादाखल घेऊ.

पहिला भेद इंजिन आणि वाहन यांमधील होय. चढावर इंजिनाचा वेग वाढतो, आवाज चढतो, पण वाहन पुढे सरत नाही, असे असेल तर शक्ती निर्माण होत आहे. ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. दोष बहुधा घसरणाऱ्या पट्ट्यात अथवा क्लचमध्ये शोधावा. उलट इंजिनाचाच वेग खालावत असेल तर दोष इंजिनात, किंवा अडकून राहिलेल्या ब्रेकात असतो.

येथे प्रश्न असा उद्भवतो की, उभ्या वाहनात सुरळीत चालणारे इंजिन भार पडताच का खचते? मंद गतीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते व अल्प इंधन एका स्वतंत्र सूक्ष्म मार्गाने येते. पूर्ण भारात इंधन मुख्य जेटमधून यावे लागते. त्या छिद्रातील कचरा मंद गतीत आपले अस्तित्व दाखवीत नाही. ठिणगीचेही तसेच आहे. थ्रॉटल उघडताच सिलिंडरात अधिक मिश्रण दाबले जाते, आणि दाब वाढला की ठिणगी पडण्यास अधिक विद्युत्दाब लागतो. दुर्बल कॉइल किंवा झिजलेला प्लग तेथेच हार खातो. यालाच कारागीर 'मिसिंग' म्हणतात.

आता उपाययोजनेपूर्वीची परीक्षा पाहू. 'निदान' हा शब्द आपण वैद्यकातून घेतला. माधवनिदानात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांपैकी उपशय, म्हणजे कशाने बरे वाटते यावरून रोग ओळखणे, हे साधन इंजिनासही तंतोतंत लागू पडते. चोक किंचित ओढल्याने जोर वाढला तर मिश्रणात इंधन कमी पडत आहे. काही मिनिटे चालून इंजिन मंदावले आणि थांबवून टाकीचे झाकण सैल केल्यावर पूर्ववत झाले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. हवा-गाळणी बदलून सुधारणा झाली, आणि प्लग काजळलेला आढळला, तर हवा अपुरी पडत होती. संपीडनाचा दाब थ्रॉटल पूर्ण उघडून मोजावा. तो कमी भरल्यास सिलिंडरात थोडे तेल घालून पुन्हा मोजावा. वाढला तर दट्ट्याची कडी झिजली असावीत. न वाढल्यास झडपांकडे संशय वळतो. धुराड्यातील ठिणगीरोधक जाळी काजळीने भरली असेल तर जळालेले वायू बाहेर पडत नाहीत, म्हणून ताजे मिश्रणही आत पुरेसे येत नाही, तीही तपासावी.

ही क्रमवार परीक्षा टाळून एकामागून एक भाग बदलणे खर्चाचे तर आहेच, पण धोक्याचेही आहे. इंधन कमी पडत असता भाराखाली वाहन दामटल्यास ज्वलनाची उष्णता वाढते आणि दट्ट्या व निष्कासन झडप यांना इजा पोहोचते. पन्नास पैशांच्या कचऱ्यापायी अख्खे इंजिन उघडावे लागते.

तात्पर्य, तक्रारीचे वाक्यच सुधारले पाहिजे. 'सपाटीवर ठीक चालते, चढावर काही मिनिटांनी मंदावते, झाकण सैल केले की पुन्हा ओढते' या विधानात परिस्थिती, काल आणि उपशय ही तिन्ही अंगे आली आहेत. असे विधान करणाऱ्याने निम्मे निदान स्वतःच केलेले असते.