ऑपेरा आणि संगीत नाटक : पडद्यावर बघताना



'ऑपेरा म्हणजे काय?' असं मुलांनी विचारलं तर सोपं उत्तर आहे. ज्या नाटकात संवादही बहुतेक गाऊनच म्हणतात, तो ऑपेरा. आपल्या संगीत नाटकात बोलण्यातले संवाद असतात आणि मध्ये मध्ये पदं येतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि ही परंपरा बहरली.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. मुंबईत एनसीपीएनेही ते पडद्यावर दाखवले आहेत. बारामती-इंदापूरच्या मुलांना असा प्रयोग प्रत्यक्ष बघायला मिळणं अवघडच. म्हणून पडदा मोलाचा. गायकाचा चेहरा जवळून दिसतो, खाली भाषांतर येतं.

पण काही गोष्टी सुटतात. ऑपेराचे गायक माइकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज पोहोचवतात. स्पीकरमधून ऐकताना ती ताकद कळत नाही. नाट्यगृहात कुठे बघायचं ते आपण ठरवतो, इथे कॅमेरा ठरवतो. आणि आपला 'वन्स मोअर'! संगीत नाटकात प्रेक्षकांनी मागितलं की पद पुन्हा रंगायचं. पडद्याला कितीही टाळ्या द्या, तो ऐकत नाही.

मुलांना हे समजवायला लांब जायला नको. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं रिंगण मोबाईलवर बघणं आणि धुळीत उभं राहून बघणं, यात काय फरक पडतो ते विचारा. भराभर सांगतील.

आणखी एक भेद सांगा. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, त्यावरचा चित्रपट २०१५ चा. चित्रपट म्हणजे नाटकाचं चित्रीकरण नव्हे. त्यात काही गाणी नवी आहेत, मांडणीही वेगळी आहे. रंगमंचावरचा प्रयोग जसाच्या तसा टिपणं ही निराळी गोष्ट.

वर्गात एवढं करून बघा : संगीत नाटकातलं एखादं पद आधी डोळे मिटून ऐकवा, मग पडद्यावर दाखवा. 'कॅमेऱ्याने काय दाखवलं नाही?' यावर पाच ओळी लिहून घ्या. नंतर जवळपास कुठे प्रयोग, कीर्तन किंवा भारूड असेल, तिथे मुलांना नक्की न्या. रेकॉर्डिंग आपण जपून ठेवू शकतो. पण समोर बसणारे प्रेक्षकच उरले नाहीत, तर पुढे रेकॉर्ड करायला प्रयोग कुठून आणायचा?