पॅडवरचे ठसे

हीटसिंकचे स्क्रू सुटले. खालची राखाडी रबरी पट्टी, म्हणजे थर्मल पॅड, काकांनी अलगद उचलली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. पट्टीवर छोट्या चौकोनी चिपांचे ठसे उमटले होते. एका बाजूचे ठसे खोल, कडा अगदी स्पष्ट. दुसऱ्या टोकाचे शेवटचे दोन मात्र जेमतेम, बोट फिरवलं तरच जाणवावेत इतके पुसट. "ह्या दोघांना हीटसिंक टेकतच नव्हता," काका म्हणाले. "वर एवढा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलाय, आणि खाली हे दोघं उघडेच तापतायत."

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला अजूनही सगळे लॅमिंग्टन रोड म्हणतात. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार. खाली काचेच्या कपाटांत रंगीत खोकी, आणि लाकडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर काकांचं टेबल. तिथे सोल्डरिंगच्या फ्लक्सचा वास कायम भरून असतो. पन्नाशीतले हे गृहस्थ आधी बोर्ड दुरुस्त करायचे, आता नवी मशीनही जोडून देतात. बोर्ड कुठलाही असो, तो आधी नाकाजवळ नेऊन प्रोसेसरच्या आसपासची जागा हुंगायची, ही त्यांची पहिली तपासणी. जास्त तापलेल्या बोर्डाचा करपट वास मीटर लावण्याआधीच कळतो.

महागातला बोर्ड घेऊनही मशीन स्थिर का राहत नाही, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला ह्या पोटमाळ्यावर घेऊन आला होता. समोरचा बोर्ड तसाच होता. खोक्यावर ठळक अक्षरांत '१४+२ फेज'. मालक थ्रीडी रेंडरिंग करणारा. रेंडर सुरू केलं की थोड्या वेळाने मशीन एकदम मंदावायचं. त्याने कूलर बदलला, रॅम बदलली, एसएमपीएससुद्धा बदलला. दोष ज्या पट्टीखाली होता, तिथे कुणी पाहिलंच नव्हतं.

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, बोर्ड निवडताना काका एक आकडा पुन्हा पुन्हा सांगतात: एकशे साठ ॲम्पिअर. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स ह्या सोळा कोअरच्या प्रोसेसरला सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. प्रवाहाची मर्यादा सतत १६० ॲम्पिअर, आणि क्षणभरासाठी २२५. मुंबईतल्या साध्या फ्लॅटचा मुख्य एमसीबी साधारण ३२ किंवा ४० ॲम्पिअरला पडतो. अर्थात तिथे २३० व्होल्ट असतात आणि इथे जेमतेम सव्वा. पण तांब्यातली उष्णता व्होल्टेजवर नाही, प्रवाहाच्या वर्गावर वाढते. एकशे साठ ॲम्पिअरच्या वाटेत एक मिलिओहम इतका क्षुल्लक रोध आला, तरी तिथेच पंचवीस वॅटची उष्णता तयार होते.

एसएमपीएसकडून येणारे बारा व्होल्ट सव्वा व्होल्टपर्यंत उतरवण्याचं काम बोर्डावरच्या व्हीआरएमचं. प्रोसेसरच्या डाव्या आणि वरच्या बाजूला हीटसिंकखाली ओळीने मॉसफेट, शेजारी करड्या ठोकळ्यांसारखे चोक, मग कपॅसिटर. अशी एक रांग म्हणजे एक फेज. सगळ्या फेज पाळीपाळीने काम करतात, त्यामुळे भार वाटला जातो आणि व्होल्टेज सपाट राहतं. चौदा फेजमध्ये एकशे साठ ॲम्पिअर वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेअकराच्या आसपास येतात. चांगल्या पॉवर स्टेजची, म्हणजे मॉसफेटच्या चिपची, क्षमता साठ, ऐंशी, नव्वद ॲम्पिअर अशी सांगितलेली असते. म्हणजे कागदावर चौदांतल्या दोन-तीनच फेज पुरल्या असत्या. हा हिशेब खोक्यावर शोभतो. प्रत्यक्षात त्या चिपला सांगितलेला आकडा ती थंड राहिली तरच झेपतो, आणि थंड राहणं त्या राखाडी पट्टीवर अवलंबून असतं. शिवाय काही बोर्डांवर कंट्रोलरचा एकच सिग्नल दोन स्टेजना वाटून दिलेला असतो आणि मोजताना मात्र दोन्ही धरतात. त्यात गैर काही नाही. आठ दणकट फेज चौदा किरकोळ फेजना सहज मागे टाकतात. पण गिऱ्हाईक मोठा आकडा बघून पैसे मोजतं.

म्हणूनच ते दोन पुसट ठसे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. चिपा उत्तम, तांबं उत्तम, आणि सगळी मेहनत मिलिमीटरच्या अंशाने हुकलेली. काकांनी जाड पॅड कापून बसवला, स्क्रू आळीपाळीने आवळले, पुन्हा उघडले आणि ठसे तपासले. ह्या वेळी सगळे सारखे होते.

दुपारी डोंबिवलीहून एक विद्यार्थी आला. व्हिडिओ एडिटिंग, गेम, आणि जमेल तेवढं ओव्हरक्लॉकिंग. त्याच्या यादीत एक्स६७० चिपसेटचा बोर्ड होता आणि रॅमच्या चार पट्ट्या. "काका, ओव्हरक्लॉकिंगला एक्सच लागतो ना?"

"नाही रे. बी६५० पण चालतो. एक्स६७० म्हणजे तीच चिप दोनदा लावलेली. पोर्ट वाढतात, एसएसडीच्या जागा वाढतात. प्रोसेसरला त्याचं काय?"

खरंच तसं आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर बी६५० चिपसेटपासून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो. ए६२० वर मात्र येत नाही. इंटेलकडे नियम कडक: प्रोसेसरच्या नावात 'के' हवा आणि बोर्डाच्या नावात 'झेड'. त्यामुळे एएमडी घेणाऱ्याने एक्सवरचे पैसे वाचवून दणकट व्हीआरएमचा बी६५० शोधावा, हा काकांचा सल्ला हिशेबाला धरून आहे.

रॅमचा मुद्दा त्या मुलाला पटायला वेळ लागला. चारही खाचा भरलेल्या त्याला बघायच्या होत्या. पण रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना एएमडीची अधिकृत हमी डीडीआर५-५२०० ची आहे, चार लावल्या की ती ३६०० वर येते. खाचा साखळीसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात, आणि भरलेली प्रत्येक जादा खाच सिग्नल गढूळ करते. सोळा जीबीच्या चार पट्ट्यांऐवजी बत्तीसच्या दोन घेतल्या, तर मेमरी तेवढीच आणि ६००० चा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिचा जाहीर वेग देणारी तयार सेटिंग, बहुतेक वेळा सुरळीत चालतो. शेवटी त्याने दोन पट्ट्या घेतल्या.

ह्या बाजाराने ओव्हरक्लॉकिंगचा वेगळा काळही पाहिला आहे. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बसवून बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० चा ४५० व्हायचा. दीडपट वेग फुकट. ॲबिट कंपनीच्या बोर्डांवर ही आकडेमोड जंपर न हलवता बायोसमधूनच करता यायची. १९९९ चा त्यांचा बीपी६ तर दोन सेलेरॉन एकत्र चालवायचा. पुढे तोच बीपी६ कपॅसिटर फुगण्यासाठी बदनाम झाला. २००० च्या दशकात सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे कपॅसिटर फुगण्याची साथ जगभर पसरली, आणि ती एकाच कंपनीपुरती नव्हती. काकांच्या पिढीचे हात सोल्डरिंगवर बसले ते हे फुगलेले डबे बदलूनच. आता बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. त्यांचं आयुष्य तापमान वीस अंशांनी उतरलं तर साधारण दहापट वाढतं. ठसे बघण्याचा काकांचा हट्ट ह्याही हिशेबाला धरून आहे.

आज दीडपट वेग कुणालाच मिळत नाही. प्रोसेसर कारखान्यातूनच शेवटच्या टोकाला ताणून येतात आणि ७९५०एक्स तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाईल असाच बनवलेला आहे. उरलेल्या थोड्या टक्क्यांसाठी बोर्ड कंपन्यांची चुरस चालते, आणि तिची किंमत गिऱ्हाईक मोजतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी आणि त्याच मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटना पुढे आल्या. एक्स्पो प्रोफाइल चालू केला की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज, परस्पर जास्त वाढवत होते. एएमडीने मग त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. अनेक बोर्डांनी विजेच्या मर्यादा मुळातच काढून टाकलेल्या होत्या. इंटेलला बोर्ड कंपन्यांना आपली डीफॉल्ट सेटिंग पाळायला सांगावं लागलं. मूळ कारण मात्र प्रोसेसरच्याच मायक्रोकोडमध्ये निघालं: तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्त्या आल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण जे प्रोसेसर आधीच बिघडले होते, त्यांना कुठल्याही अपडेटने बरं केलं नाही.

म्हणून नव्या मशीनवर काका आधी बायोस अपडेट करतात, मग एक्स्पो, आणि लगेच एसओसी व्होल्टेज डोळ्यांनी तपासतात. बोर्ड निवडताना बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, हे ते फेजच्या आधी विचारतात. ते असलं की प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येतो आणि फसलेलं अपडेट दुरुस्त होतं. पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग होईपर्यंत स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते. त्या विद्यार्थ्याचा हात दोनदा स्विचकडे गेला, आणि दोन्ही वेळा काकांनी "थांब" म्हटलं.

खरं कसब त्यानंतर सुरू होतं. भार आला की प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं खाली येतं. ते भरून काढणारं लोडलाइन कॅलिब्रेशन नवखे लोक शेवटच्या पायरीवर ठेवतात. मग भार सुटल्याक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही. काका मधली पायरी धरतात. नंतर कर्व्ह ऑप्टिमायझर: प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं कमी करायचं, म्हणजे त्याच उष्णतेत प्रोसेसर अधिक वेगाने धावतो. अनेक जण सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० लावून मोकळे होतात आणि प्राइम९५ हे भार टाकणारं सॉफ्टवेअर तासभर चालवून मशीन पास झालं म्हणतात. गंमत अशी की हे मशीन पूर्ण भारात पडत नाही. ते पडतं पीडीएफ वाचताना. हलक्या कामात एखादाच कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जातो, आणि तिथेच त्याला व्होल्टेज अपुरं पडतं. त्यामुळे काका एकेक कोअर वेगळा तपासतात, रात्रभर रॅमची चाचणी लावतात, सकाळी विंडोजच्या नोंदींत हार्डवेअरची एकही चूक दिसली तर दोन पावलं मागे येतात. त्या मुलाच्या मशीनमधले दोन कोअर उणे ३० वर चुकत होते; ते उणे १८ वर आणले. वेगात पडलेला फरक डोळ्यांना कळण्यासारखा नव्हता.

परदेशातल्या चाचण्या बावीस-चोवीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यातल्या मुंबईत, एसी नसलेल्या खोलीत, पारा पस्तिशीकडे जातो, आणि त्या चाचण्यांत ९० अंशांवर राहणारा व्हीआरएम इथे शंभरी गाठतो. खोक्यावर फेजची संख्या छापणाऱ्या कंपन्यांनी पस्तीस अंशांच्या खोलीत, एकशे साठ ॲम्पिअर सतत चालू असताना व्हीआरएम किती तापतो, एवढा एकच आकडा छापावा. इथल्या गिऱ्हाइकाला निवड करायला त्याची खरी मदत होईल.

बिल देताना काकांनी दोन गोष्टी केल्या. प्रोसेसर बसवण्यापूर्वी काढलेला सॉकेटचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवला, कारण एएम५ मध्ये १७१८ पिना बोर्डावर असतात आणि एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते. आणि बिलाच्या पाठीमागे बायोसची आवृत्ती, एसओसी व्होल्टेज आणि प्रत्येक कोअरचा आकडा लिहून दिला. बायोस अपडेट केला की ही सेटिंग पुसली जातात. "मे महिन्यात एकदा घेऊन ये," ते म्हणाले. "आत्ता थंडीत पास झालंय. उन्हाळ्यात परत टेस्टला लावू."