बांधणारा एक, वीजबिल भरणारा दुसरा

सरकारी इमारत भांडवली खर्चातून उभी राहते आणि तिचे वीजबिल पुढे कित्येक वर्षे महसुली खर्चातून भरले जाते. बांधणाऱ्याला त्या बिलाची झळ लागत नाही. बिल भरणाऱ्याला भिंतीची जाडी ठरविण्याचा अधिकार नसतो. पेढीवर दोन्ही रकमा एकाच खतावणीत येतात, म्हणून तेथे असे चालत नाही. सरकारदरबारी मात्र त्यासाठी कायदा लागतो.

तसा कायदा आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ चा; त्याखालील इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. छत, भिंती, काचा, दिवे आणि वातानुकूलन यांचे किमान मानक तीत ठरविले आहे. अडचण मर्यादेची आहे. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींपासूनच हे बंधन सुरू होते. धाराशिव जिल्ह्यातील खेड्यातली शाळा वा ग्रामपंचायत कार्यालय या आकड्याच्या जवळपासही जात नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली आहे. आपल्या राज्याने ती लहान सार्वजनिक इमारतींसाठी वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे याची निकड अधिक आहे. जाड भिंतींची माळवदाची घरे वैशाखातही गार राहत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहारा भागात त्याच दगडमातीखाली माणसे गाडली गेली. त्यानंतर लोकांनी सिमेंट आणि पत्रा जवळ केला, यात नवल नाही. जीव सुरक्षित झाला, पण छत तापू लागले आणि पंखा दिवसभर फिरू लागला.

हिशेब साधा आहे. जुना छतपंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. वीस पंखे, रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस: १,८०० युनिट वाचतात. आणि छतच कमी तापले, तर पंख्यावरची भिस्तही कमी होते.

समाजाची धर्मशाळा वा शाळेची खोली बांधण्यासाठी देणगी देणाऱ्यांनी कायद्याची वाट पाहू नये. नकाशा मंजूर करतानाच वास्तुविशारदाला विचारावे: पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा किती, वारा आरपार जातो का, आणि स्लॅबवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर अंदाजपत्रकात धरला आहे का?